बिळातलं कुत्रं बाराव्या मजल्यावर

मराठी घरात टेरियर पहिल्यांदा आला तो ग्रामोफोनच्या तबकडीवर बसून. कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला तो काळ्या कानांचा पांढरा कुत्रा म्हणजे निपर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला १८८४ साली जन्मला, १८९५ साली गेला. जातिवंत नव्हता, पण अंगात टेरियरचं रक्त होतं. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना दात लावायची खोड होती, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याचं ते जगप्रसिद्ध चित्र रंगवलं, तेव्हा निपरला जाऊन तीनएक वर्षं झाली होती. जिवंतपणी तो इतका वेळ एका जागी बसला असता का, ही शंका टेरियर पाळलेल्या कुणालाही येईल.

आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये जॅक रसेल टेरियर अधूनमधून दिसू लागला आहे. त्याला पडद्याने बराच हात दिला. ‘द मास्क’मधला मायलो, ‘फ्रेझर’ मालिकेत बापाच्या खुर्चीशेजारी बसून मुलाकडे टक लावणारा एडी आणि २०११ च्या ‘द आर्टिस्ट’मध्ये नायकाइतकाच भाव खाऊन गेलेला अगी, ही सगळी याच कुळातली मंडळी. ती पाहून लोकांच्या मनात येणारा प्रश्न ठरलेला असतो: एवढासा तर आहे, फ्लॅटमध्ये चालेल ना? खांद्याशी उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. आकड्यांवर गेलं तर चालायला हवा. पण हे आकडे दिवाणखान्यासाठी ठरलेले नाहीत. ते ठरले कोल्ह्याच्या बिळावरून. जॅक रसेलबद्दलच्या बहुतेक तक्रारी आणि बहुतेक उपायही त्या बिळाशी येऊन पोचतात, असं माझं मत आहे.

ज्या माणसाचं नाव या कुत्र्याला मिळालं तो पाद्री होता. जॉन रसेल, जन्म १७९५, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात शिकत असताना, १८१९ साली, त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली, असं त्याच्या चरित्रात येतं. पांढरी, डोळ्या-कानांवर तांबूस डाग आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा एक ठिपका. पुढे स्विमब्रिज या गावी तो अनेक वर्षं पाद्री होता आणि शिकारीचं त्याचं वेड असं की खुद्द बिशपही त्याच्यावर नाराज असे. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला त्याच्या आरंभीच्या सभासदांत रसेल होता, कुत्र्यांच्या प्रदर्शनात तो परीक्षक म्हणूनही बसला. पण आपले टेरियर त्याने प्रदर्शनात मांडले नाहीत. १८८३ साली तो वारला. आज स्विमब्रिजमध्ये त्याच्या कुत्र्याच्या नावाचा पब आहे. आजच्या किती जॅक रसेलांचं रक्त खरोखर ट्रम्पपर्यंत जातं, हे मात्र सिद्ध करण्याच्या फंदात शहाण्या माणसाने पडू नये.

काम काय होतं ते नीट पाहायला हवं. घोडेस्वार आणि फॉक्सहाउंड कुत्र्यांचा कळप कोल्ह्यामागे धावायचा. कोल्हा जीव वाचवायला बिळात शिरला की मोठे कुत्रे हतबल. मग टेरियर आत सोडायचा. त्याने कोल्ह्याला मारायचं नाही, भुंकून आणि अंगावर धावून जाऊन त्याला बाहेर काढायचं. किंवा तो हलत नसेल तर त्याच्यासमोर ठाण मांडून भुंकत राहायचं, म्हणजे वरच्या माणसांना कुठे खणायचं ते कळेल. रंग पांढरा, कारण मातीने माखून बाहेर पडणाऱ्या टेरियरला कळपाने कोल्हा समजून फाडू नये.

छातीचं मापही इथलंच. आजही जॅक रसेलच्या प्रदर्शनात परीक्षक कुत्र्याचे पुढचे पाय टेबलावरून उचलतो, कोपरांच्या मागे छातीभोवती दोन्ही हातांचा वेढा घालतो आणि खाली बोटांना बोटं व वर अंगठ्याला अंगठा टेकतो का ते पाहतो. त्याच वेळी हलकंसं दाबून फासळ्या लवचीक आहेत ना, तेही चाचपतो. परिघ साधारण ४० ते ४३ सेंटिमीटर. याहून छाती भरली तर कुत्रा दिसायला रुबाबदार होईल, पण बिळात अडकेल. लहान असणं ही इथे गोंडसपणाची गोष्ट कधीच नव्हती.

आपल्याकडचं शिकारी कुत्रं वेगळ्या घडणीचं आहे. कारवान किंवा मुधोळ उघड्या माळावर नजरेने सावज टिपतो, वाऱ्यासारखा धावतो आणि काम झालं की तासन् तास पडून राहतो. धनी शेजारी किंवा निदान नजरेच्या टप्प्यात असतो. टेरियर मात्र जमिनीखाली, अंधारात, आपल्याएवढ्या किंवा आपल्याहून मोठ्या जनावरासमोर एकटा असतो. तिथे त्याला हुकूम देणारं कोणी नसतं. पुढे जायचं की थांबायचं, हे त्याने स्वतः ठरवायचं. भुंकणं थांबवलं तर वरच्यांना पत्ता लागणार नाही. माघार घेतली तर काम फसलं. अशा कामात जे कुत्रे टिकले त्यांचीच पिल्लं पुढे ठेवली गेली, पिढ्यान् पिढ्या.

आता याच जनावराला बाराव्या मजल्यावर आणा. जिन्यात पाऊल वाजलं की तो भुंकतो आणि भुंकतच राहतो. बाल्कनीतल्या कुंड्या उकरतो, मग सोफ्याची गादी. हाक मारली तर वळून बघतो, विचार करतो आणि आपल्या कामाला लागतो. खार दिसली की त्याच्यापुरतं बाकीचं जग संपलं. घरचे म्हणतात, हट्टी आहे, आगाऊ आहे, याला वळणच नाही. वळण आहे, आणि चांगलं घट्ट आहे. फक्त ते तुम्ही लावलेलं नाही.

या कुत्र्याला अधिकृत जात म्हणून मान्यता द्यावी की नाही, यावरून इंग्लंड-अमेरिकेत दशकानुदशकं भांडणं झाली, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. ज्यांचे कुत्रे कामाचे होते त्यांचं म्हणणं, एकदा रूपावर बक्षिसं लागली की दोन-चार पिढ्यांत छाती फुगेल आणि डोकं रिकामं होईल. ब्रिटिश केनेल क्लबने लांब पायांच्या ‘पार्सन’ प्रकाराला १९९० मध्ये मान्यता दिली आणि आखूड पायांच्या जॅक रसेलला थेट २०१६ मध्ये. त्या आखूड प्रकाराचं प्रमाणीकरण झालं ते बरंचसं ऑस्ट्रेलियात. दरम्यान इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांच्या कळपांनिशी होणारी कोल्ह्याची शिकार बंद झाली आणि बिळातल्या कामाला फार मर्यादित सूट उरली. कामच गेलं. काम करण्याची ओढ मात्र कायद्याने जात नाही.

मग त्या ओढीचं करायचं काय? इथे पाळणाऱ्यांत दोन तट दिसतात. एक तट म्हणतो, थकवा. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर पळवा, चेंडू फेका, घरी आला की गप्प झोपेल. पहिले पंधरा दिवस झोपतोही. मग त्याचा दम वाढतो आणि तासभराचं भागत नाही, दीड तास लागतो. तुम्ही घरात एक धावपटू तयार केलेला असतो. शिवाय शंभर वेळा फेकलेला चेंडू हा शंभर वेळा केलेला पाठलाग आहे. कुत्रा त्याने शांत होत नाही, चेकाळतो. हा तट मला पटत नाही. रोज मोकळं फिरणं हवंच, तासाच्या खाली तरण्या जॅक रसेलचं भागायचं नाही, पण खरी भूक नाकाची आणि डोक्याची आहे.

ती भागवायला पैसे लागत नाहीत. सकाळचं खाणं वाडग्यात ओतण्याऐवजी जुना टॉवेल पसरा, त्यावर दाणे टाका, टॉवेलची सुरळी करा आणि तिला एक सैल गाठ मारा. कुत्रा आधी नाकाने सुरळीची लांबी मोजतो, मग पंजाने एक टोक दाबून दुसरं ओढतो, फसला की थांबून बघतो. दहा-पंधरा मिनिटं घरात फक्त फुसफुस ऐकू येते. खणायचा हट्ट असेल तर त्याला खणायला जागा द्या: प्लास्टिकच्या टबात वाळू, वाळूत पुरलेलं खेळणं. बंगल्यात राहणाऱ्यांनी अंगणाचा एक कोपरा त्याच्या नावावर केला, तर बाकीचा बगिचा वाचण्याची आशा असते. अमेरिकेत याचाच ‘बार्न हंट’ नावाचा खेळ झाला आहे. गवताच्या गठ्ठ्यांमध्ये नळकांड्या लपवतात, काहींत जिवंत उंदीर असतो, हवेशीर आणि सुरक्षित. कुत्र्याने वास घेऊन नेमकं नळकांडं दाखवायचं. उंदीर संध्याकाळी आपल्या पिंजऱ्यात परत. आपल्याकडे असं काही नसलं तरी घरातल्या पाच खोक्यांपैकी एकात चीजचा तुकडा दडवायला कोणाची आडकाठी नाही.

आणि झोप. हा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते आणि टेरियरचं पिल्लू ती आपणहून घेत नाही. संध्याकाळी सात वाजता जे पिल्लू घरभर सुसाट धावत प्रत्येकाच्या पायजम्याला लोंबकळतं, त्याला बहुतेक वेळा आणखी खेळ नको असतो. दार लावून अंधारी, शांत जागा हवी असते.

शिस्तीच्या बाबतीत आपल्याकडे अजून वर्तमानपत्राची गुंडाळी आणि चेन खेचणं चालतं. जो प्राणी बिळात कोल्ह्याचे दात सोसूनही मागे हटू नये म्हणून घडवला, त्याच्यावर हात उगारून काय साधणार? मऊ स्वभावाचा कुत्रा माराने दबेल, टेरियर उलटेल. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षकांकडच्या कुत्र्यांत शिकवणीच्या वेळी तणावाची लक्षणं अधिक दिसली आणि लाळेतलं कॉर्टिसॉलही शिकवणीनंतर वाढलेलं आढळलं. जॅक रसेलला मोबदला कळतो. हाकेला आला की खरंच काही चांगलं मिळतं, हे त्याने हजारदा अनुभवायला हवं. तरीही रस्त्यावर त्याचा पट्टा सोडू नये. मांजर दिसल्यावर परत येणारे जॅक रसेल असतात; पण आपला त्यांतला आहे की नाही, याची परीक्षा वाहत्या रस्त्यावर घ्यायची नसते.

चावण्याचा विषय टाळून चालणार नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात, माणसांवर गंभीर आक्रमकता दाखवणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण ज्या जातींत सर्वाधिक निघालं त्यांत डॅशहुंड आणि चिवावाच्या जोडीला जॅक रसेल होता. पिटबुलची दहशत बाळगणाऱ्यांना हे नवल वाटेल. लहान कुत्र्याचा चावा टाक्यांपर्यंत जात नाही, म्हणून तो हसण्यावारी जातो आणि सवय पक्की होते. याला दुसरी बाजूही आहे. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं की कुत्र्याकुत्र्यांतल्या वर्तनातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो. मग माझं बिळाचं प्रतिपादन कोसळतं का? मला तसं वाटत नाही. हजारो कुत्र्यांच्या सरासरीत जातीचा वाटा लहान असेल. पण जी कुळं काल-परवापर्यंत एकाच कामासाठी निवडली गेली, त्यांच्यात ती कामाची लकब ठळक उरते. एवढं मात्र त्या अभ्यासावरून घ्यावं की जातीचं वर्णन म्हणजे हमीपत्र नव्हे. आळशी जॅक रसेलही असतात. त्यांच्या मालकांनी इतरांना सल्ले देऊ नयेत, एवढंच.

घरात पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर मी थांबायला सांगेन. जॅक रसेल मुलांशी खेळतो, दिवसभर खेळतो. पण शेपूट ओढलेली, खाताना डिवचलेलं तो खपवून घेत नाही. दोन जॅक रसेल एकत्र ठेवणं तर तज्ज्ञांचं काम. अमेरिकेतल्या जॅक रसेल क्लबचं जुनं बजावणं आहे की दोनांहून अधिक टेरियर एकत्र, लक्ष ठेवायला माणूस नसताना कधीही सोडू नका. स्वतःच्याच जातीविषयी इतकं परखडपणे सांगणारे क्लब थोडे. आपल्याकडे विकणाऱ्याच्या तोंडी मात्र ‘एकदम फ्रेंडली आहे’ याच्या पुढचं वाक्य क्वचित येतं.

डेव्हनच्या पावसाळी टेकड्यांवरून तो महाराष्ट्रात आला की आणखी काही प्रश्न उभे राहतात. उन्हाचा प्रश्न उघड आहे. अंगाने लहान असल्याने त्याचं पोट तापलेल्या डांबरापासून वीतभर अंतरावर असतं आणि खेळाच्या भरात तो स्वतः थांबत नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला बाहेर काढायचं नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात याचा अर्थ पहाटे आणि रात्री. गोचिडांचा त्रास तर वर्षभर. गोचीडतापात कुत्रा आधी नुसता मलूल दिसतो, खाणं सोडतो. टेरियर अर्धा दिवस शांत बसला तर ‘आज शहाण्यासारखा वागला’ म्हणण्याआधी त्याचा ताप मोजावा आणि रक्त तपासावं.

उंदीर हा मात्र आपल्या शहरांतला खास धोका. जॅक रसेल उंदीर मारण्यात पटाईत, आणि तळमजल्याच्या गाळ्यात त्याचं कौतुकही होतं. पण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो कुत्र्यातून माणसालाही होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लोकांना लेप्टो होतो हे मुंबईकराला सांगायला नको. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, रेबीजच्या जोडीला. शिवाय मारलेला उंदीर औषध खाल्लेला असू शकतो. शेतघरावर, कोकणातल्या वाडीत आणखी एक भर: बीळ दिसलं की टेरियर तोंड घालणारच, आणि आपल्याकडच्या बिळात कोल्हाच असेल असं नाही. इंग्रजीत घोणस ज्या रसेलच्या नावाने ओळखली जाते तो पॅट्रिक रसेल, भारतात सापांचा अभ्यास केलेला स्कॉटिश डॉक्टर. या पाद्री रसेलशी त्याचं नातं नाही. दोन रसेलांची गाठ बांधावर पडू नये यासाठी गवत कापलेलं ठेवावं, आणि प्रतिविष देऊ शकणारा जनावरांचा डॉक्टर किती अंतरावर आहे ते आधीच पाहून ठेवावं.

खाण्याचं फार अवघड नाही, फक्त हात आखडता हवा. सहा किलोच्या तब्येतीच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला चारशेच्या आसपास किलोकॅलरी पुरतात. चहाबरोबर त्याच्यापुढे टाकलेली चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे त्यातला जवळपास चौथा हिस्सा. घरात आजी-आजोबा असतील तर हे गणित त्यांना समजावून सांगणं प्रशिक्षणापेक्षा कठीण जातं. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, कांद्याची भाजी, चॉकलेट हे कुत्र्याला विषासारखं आहे. प्रसाद असला तरी. दात रोज घासावेत, कुत्र्यांच्या पेस्टने, आपल्या नव्हे. आणि आखूड केसांचा कुत्रा केस गाळत नाही हा समज सोडून द्यावा. जॅक रसेलचे पांढरे, सुईसारखे केस काळ्या पँटमध्ये जे रुततात ते झटकून निघत नाहीत.

एवढं सगळं असून हा कुत्रा मोठा चिवट. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या तीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूंवरून अठरा जातींच्या आयुर्मानाची कोष्टकं मांडली. त्यांत जॅक रसेल सर्वांत वर होता, १२.७ वर्षं, तळाला फ्रेंच बुलडॉग, ४.५. बऱ्याच घरांत तो पंधरा वर्षंही काढतो. म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला कुत्रा मुलगा नोकरीला लागेपर्यंत घरात असतो, आणि मधली सगळी वर्षं त्याला फिरवायला जातं कोण, हे प्रत्येक आईला माहीत आहे. आनुवंशिक दुखण्यांपैकी एक लक्षात ठेवण्याजोगं: डोळ्यातलं भिंग जागचं सुटणं. साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात होतं. डोळा एकाएकी लाल झाला, कुत्रा तो मिटून घेऊ लागला, बुबुळावर निळसर झाक आली, तर सोमवारपर्यंत थांबायचं नाही. आतला दाब वाढून एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. याची जनुकचाचणी होते. तोल जाण्याचा एक आजार, गुडघ्याची वाटी सरकणं आणि जन्मजात बहिरेपण हेही या जातीत आढळतं.

फ्लॅटमध्ये चालेल का, याचं माझं उत्तर असं: दिवसभर घर बंद राहणार असेल तर नाही, मग फ्लॅट तीन बेडरूमचा असो. घरात दिवसा माणूस असेल, त्या माणसाला कुत्र्यासाठी डोकं चालवायची हौस असेल, तर दोन खोल्यांतही चालेल. सोसायटी कुत्रा पाळायलाच बंदी घालू शकत नाही, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. पण दुपारी दोन वाजता सलग भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे परिपत्रक धरून शेजारी शांत होत नाहीत.

घ्यायचाच असेल तर पिल्लू आठ आठवड्यांखालचं घेऊ नये; २०१७ च्या नियमांनुसार विकणाऱ्याला ते विकताही येत नाही, आणि त्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला हवी. नोंदणीचा कागद मागावा. आईबापांची डोळ्यांची चाचणी झाली आहे का, पिल्लू दोन्ही कानांनी ऐकतं का, हे विचारावं; त्याच्या पाठीमागे किल्ल्या वाजवून बघावं. आणि पिल्लाच्या आईला भेटायचा आग्रह धरावा. ती अनोळखी माणसासमोर कशी वागते, दारावर थाप पडल्यावर किती वेळात शांत होते, हे अर्धा तास बसून पाहावं. आई गावाला आहे, असं सांगितलं तर चहा न घेता उठावं.